चामड्याच्या वस्तू बनवण्याचा छंद: अवजारांवर पैसा कुठे घालावा?

धागाकर्ता: कोरी_पाटी

नमस्कार मंडळी.

लाकूडकाम आणि वहीबांधणी हे छंद मला आधीपासून आहेत. आता त्यांच्या जोडीला चामड्याचे काम शिकायचे ठरवले आहे. मनात तीन वस्तू आहेत: कार्डे आणि थोड्या नोटा मावतील असे पाकीट, जीन्सवर वापरता येईल असा साधा पट्टा, आणि हे दोन्ही जमले तर खांद्याला अडकवण्याची लहान पिशवी. मी पुण्यात राहतो, त्यामुळे सामानासाठी धारावी किंवा कोल्हापूर गाठणे मला अवघड नाही.

अडचण अवजारांची आहे. ऑनलाइन दुकानांत भरगच्च तयार संच मिळतात. टोचे, पंच, नक्षीचे ठसे, सुया, दोरे, मेण असे सगळे एका पिशवीत येते आणि किंमतही माफक दिसते. उलट परदेशी व्हिडिओंत जे कारागीर दिसतात त्यांची एकेक छिन्नी त्या संपूर्ण संचाहून महाग असते. चामड्यासह सात-आठ हजार रुपयांत पहिली खेप बसवावी अशी इच्छा आहे. या रकमेत कशावर हात सैल सोडावा आणि कशावर आखडता घ्यावा? घरी आईचे जुने पायडलचे शिवणयंत्र आहे. त्यावर हे काम होईल का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद: दोन_सुया

कोरी_पाटी, वस्तू आधी आणि अवजारे नंतर हा आपला क्रम योग्य आहे. बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात. अवजारांच्याही आधी मी चामड्याबद्दल लिहितो, कारण कोणते अवजार कामाचे आणि कोणते शोभेचे हे चामडे कसे कमावले आहे यावर अवलंबून असते.

बाजारात दिसणारे बहुतांश चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ते मऊ असते, पाण्याला बऱ्यापैकी टिकते आणि पिशवीसाठी चांगलेच असते. मात्र त्यावर ठसा नीट उमटत नाही आणि त्याची कड घोटून चकचकीत होत नाही, ती दुमडावी लागते किंवा तिच्यावर कडेचा रंग चढवावा लागतो. झाडाच्या सालीतील किंवा फळांतील टॅनिनने कमावलेले चामडे घट्ट असते, पाणी लागले की गडद होते, ओले असताना दाबलेला आकार वाळल्यावर धरून ठेवते आणि त्याची कड ओलसर करून लाकडाने घासली की थर एकजीव होऊन चमकू लागतात. दुकानात दोन्हींतला फरक ओळखायचा असेल तर कापलेली बाजू पाहावी: क्रोमच्या चामड्याचा गाभा पुष्कळदा निळसर करडा असतो, सालीच्या चामड्याचा तपकिरी. रंग आरपार मुरवलेला असेल तर ही खूण फसवी ठरते. अशा वेळी मागच्या बाजूवर पाण्याचा थेंब टाकून तो किती लवकर मुरतो ते पाहावे. तुकडा जाळून राखेचा रंग पाहण्याचा सल्ला काही जण देतात, तो पाळू नये. क्रोमच्या चामड्याचा धूर घरात करण्यासारखा नाही.

तयार संचांतले नक्षीचे ठसे बहुतेक वेळा पडून का राहतात, हे यावरून लक्षात येईल. घेणाऱ्याने मऊ क्रोमचे चामडे आणलेले असते आणि ठसे मात्र सालीच्या चामड्यासाठी बनवलेले असतात.

जाडीबद्दल थोडक्यात: पाकिटाला बाहेरून १.२ मिमी आणि आतल्या कप्प्यांना ०.८ ते १ मिमी, पिशवीला साधारण २ मिमी, एकेरी पट्ट्याला ३.५ ते ४ मिमी. आपल्याकडे चामडे चौरस फुटांवर विकले जाते, पण जाडी मिलिमीटरमध्येच विचारावी.

आता पैशाचा मुद्दा. सर्वांत मोठा वाटा चामड्याला आणि उरलेल्यातला मोठा वाटा टाक्यांची भोके पाडणाऱ्या छिन्नीला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वस्त छिन्नीचे दात जाड आणि खरखरीत असतात. ते चामड्यात घुसतात, पण बाहेर काढताना चामडे त्यांच्याबरोबर वर ओढले जाते आणि भोक दोऱ्यापेक्षा बरेच मोठे उरते. मग दोरा कितीही उत्तम असला तरी टाका भोकात सैल पडतो. चांगल्या छिन्नीचे दात पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे, पॉलिश केलेले आणि सगळे एकाच कलात तिरपे असतात. टाके तिरपे आणि एकसारखे दिसतात ते या तिरपेपणामुळे. पाकीट आणि पट्टा दोन्ही एकाच मापात भागवायचे असतील तर ४ मिमी अंतराची छिन्नी घ्यावी, म्हणजे इंचाला सहाच्या आसपास टाके पडतात. केवळ पाकिटे करणाऱ्याला ३ मिमी अधिक देखणी वाटेल. सरळ रेषेसाठी सहा दातांची आणि वळणासाठी दोन दातांची अशा दोन छिन्न्या पुरतात, मात्र दोन्ही एकाच बनावटीच्या असाव्यात, कारण छिन्नीचा पहिला दात आधीच्या शेवटच्या भोकात ठेवूनच पुढे सरकायचे असते आणि अंतरात किंचित फरक असला तरी वळणावर रेष बिघडते. छिन्नीवर लोखंडी हातोडी मारू नये, तिचे डोके पसरते. लाकडी किंवा नायलॉनची मोगरी वापरावी. खाली स्वयंपाकघरातली जाड प्लास्टिकची चॉपिंग पाटी चालते.

सुया आणि दोरा यांत फार खर्च नाही, पण निवड नीट हवी. सुया बोथट टोकाच्या घ्याव्यात, कारण भोक आधीच पडलेले असते आणि अणकुचीदार सुई त्याच भोकातल्या दुसऱ्या दोऱ्यात घुसते. जॉन जेम्सची ४ नंबरची सुई ०.८ मिमीच्या मेण लावलेल्या दोऱ्याला जुळते, पाकिटाला ०.६ मिमीचा दोरा घ्यावा. दोऱ्याची लांबी शिवणीच्या चौपट आणि वर हातभर धरावी. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा नेला, की एका बाजूचा दोरा झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा शिवण धरून ठेवतो. यंत्राच्या शिवणीत ही सोय नसते.

शेवटी मापांची एक सूचना. इंटरनेटवरून पाकिटाचा नमुना उतरवून घेताना तो कुठल्या देशातला आहे ते पाहावे. कार्डाचे माप सगळीकडे एकच, ८५.६ × ५४ मिमी. त्यासाठी कप्प्याची आतली रुंदी ९२ मिमीच्या आसपास ठेवून दोन्ही कडांना शिवणीसाठी ३-३ मिमी सोडले की तुकडा ९८ मिमीचा होतो. नोटांचे तसे नाही. अमेरिकी नमुना १५६ × ६६ मिमीच्या डॉलरसाठी आखलेला असतो. आपली नवी पाचशेची नोट १५० × ६६ मिमी असल्याने ती त्यात नीट बसते, पण अजून चलनात असलेली जुनी शंभराची नोट १५७ × ७३ मिमीची आहे आणि ती वरून डोकावते.

प्रतिसाद: फुलस्केप

दोन_सुया यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, पण संचाला सरसकट बाद ठरवू नये असे वाटते. हा छंद आपल्याला मानवेल की नाही हे ज्याला अजून ठाऊकच नाही, त्याने महागडी छिन्नी घेऊन ती कपाटात ठेवण्यापेक्षा स्वस्त संचावर हात बसवलेला बरा. त्यातला खाच पाडणारा गेज, कडा मोडणारे अवजार, लाकडी घोटणी आणि टोचा ही अवजारे थोडी घासूनपुसून पुष्कळ दिवस वापरता येतात. छिन्नी तेवढी नंतर बदलावी.

प्रतिसाद: पायताण

दोन_सुया यांनी शिवणीबद्दल सविस्तर लिहिले आहे, मात्र कापणे आणि तासणे हा विषय राहून गेला, तो मी पुरा करतो. आमच्या घरी कोल्हापुरी चपलांचा धंदा आहे, त्यामुळे माझा हात ज्या अवजारांवर बसला ती ऑनलाइन संचांत सहसा दिसत नाहीत: रापी, आरी, ऐरण आणि दगडी फरशी.

परदेशी व्हिडिओंत कापायला अर्धगोल पात्याची सुरी आणि तासायला वेगळी सुरी दाखवतात. आमच्याकडे ही दोन्ही कामे एकटी रापी करते. चर्मकारांना सामान पुरवणाऱ्या दुकानात ती मिळते आणि चांगल्या पोलादाची असली तर वर्षानुवर्षे पाजवून वापरता येते. तरीही नव्या माणसाने पहिल्याच दिवशी रापीच्या मागे लागावे असे मी म्हणणार नाही. सरळ रेषेत कापण्यासाठी टोके मोडत जाणारा साधा कटर, खाली न घसरणारी पोलादी पट्टी आणि कापण्याची चटई पुरते. (असा कटर १९५६ साली ओसाकामध्ये ओल्फा कंपनीच्या संस्थापकाने काढला, चॉकलेटच्या वडीच्या खाचा पाहून त्याला पात्याला खाचा देण्याचे सुचले, असे सांगतात.) एका दमात कापण्याचा हट्ट धरू नये. पहिल्या फेरीत फक्त रेघ पाडावी आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत आरपार जावे. पात्याचे टोक मोडण्यात मात्र काटकसर करू नये.

तासण्याला पर्याय नाही. पाकिटाच्या कडेला १ मिमीचे चार थर एकत्र आले की ती कड ४ मिमीची होते, म्हणजे पट्ट्याएवढी, आणि पाकीट खिशात विटेसारखे लागते. म्हणून आतल्या कप्प्यांची कड, शिवण येणार तेथे बोटभर रुंदीत, अर्ध्या जाडीपर्यंत उतरवतात. चामड्याची मांसाकडची बाजू वर ठेवावी, खाली गुळगुळीत फरशी असावी, डाव्या हाताने तुकडा ताणून धरावा आणि रापी जवळजवळ आडवी ठेवून अंगापासून दूर ढकलावी. पापुद्रा अखंड निघाला तर धार बरोबर आहे. चामडे पात्यापुढे गोळा होऊ लागले तर जोर वाढवू नये, थांबून पाते पाजवावे. फरशीसाठी खर्च करण्याची गरज नाही, ओट्याच्या ग्रॅनाइटचे उरलेले तुकडे त्या दुकानांत पडलेले असतात.

आता कोल्हापूरला येऊन चामडे घेण्याबद्दल. आमच्या चपलेचे चामडे म्हशीचे असते आणि ते कमावण्याची जुनी पद्धत अशी, की चुन्यात भिजवून केस काढलेल्या कातड्याची पिशवी शिवून ती टांगतात आणि आत बाभळीची साल व हिरडा यांचे पाणी भरतात. ते आतून बाहेर झिरपत राहते आणि कातडे पिकते. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला मिळालेले भौगोलिक मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांसाठी आहे. त्यामुळे शोध कोल्हापूर शहरापुरताच ठेवण्याचे कारण नाही, बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीकडेही विचारावे. हे चामडे जाड, राठ आणि टिकाऊ असते. पट्ट्याला ते उत्तम आहे. पाकिटाला घेऊ नये, कारण ते तासता तासता जीव जाईल आणि तरीही पाकीट नीट दुमडणार नाही. पाकिटासाठी चेन्नई किंवा कोलकात्याकडून आलेले पातळ चामडे धारावीच्या दुकानांत बघावे.

म्हणूनच कोरी_पाटी यांना माझा सल्ला आहे की पाकिटाआधी पट्टा करावा. त्यात थर एकच असतो, तासणे फक्त बक्कलेजवळच्या दुमडीत येते आणि शिवण हातभरसुद्धा नसते.

एक इशारा राहिला. सालीचे किंवा हिरड्याचे चामडे ओले असताना त्याला लोखंड लागू देऊ नये. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळा डाग पडतो आणि तो धुऊन जात नाही. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची काळी शाई याच गुणावर होत असे. पोलादी पट्टी गंजलेली असेल तर आधी ती बदलावी.

प्रतिसाद: उसवण

शिवणयंत्राच्या प्रश्नाला कोणी हात लावलेला नाही, म्हणून लिहिते. मी कापडी आणि चामडी पिशव्या दोन्ही शिवते.

दादा, आईंच्या यंत्रावर १ मिमीच्या मऊ चामड्याचे दोन थर शिवता येतील. त्यासाठी चामड्याची धारदार टोकाची सुई, लांब टाका आणि शक्यतो टेफ्लॉनचा पाय लागेल, कारण लोखंडी पाय चामड्याला चिकटून बसतो. त्यापलीकडे त्या यंत्रावर जबरदस्ती करू नये. पट्ट्याचे चामडे त्याखाली घातले तर सुई मोडेल आणि यंत्राची जुळणीही बिघडेल.

घरगुती यंत्राची खरी अडचण ताकदीपेक्षा कापड पुढे सरकवण्याच्या पद्धतीत आहे. त्यात फक्त खालचे दाते कापड ओढतात आणि वरचा पाय नुसता दाबून धरतो. चामड्यात घर्षण जास्त असल्यामुळे खालचा थर पुढे जातो, वरचा मागे राहतो आणि शिवणीच्या शेवटी दोन तुकड्यांच्या कडा जुळत नाहीत. शिवाय दात्यांचे ओरखडे खालच्या बाजूला कायमचे उमटतात. कापडात चुकलेली शिवण उसवून पुन्हा घालता येते. चामड्यात भोके बुजत नाहीत. यासाठी ज्या औद्योगिक यंत्रांत खालचे दाते, सुई आणि वरचा पाय तिन्ही एकत्र पुढे सरकतात ती यंत्रे घेतात. जुकी या जपानी कंपनीचे १५४१ हे सपाट पाट्याचे यंत्र आणि १३४१ हे नळकांड्यासारख्या हाताचे यंत्र ही त्यातली प्रसिद्ध नावे. पिशवीचा तळ किंवा बाजूची पट्टी शिवायची असेल तर नळकांड्याचे यंत्र सोयीचे पडते, कारण पिशवी त्याभोवती फिरवता येते. वापरलेले यंत्र घेताना जुनी क्लच मोटर असेल तर ती बदलून सर्वो मोटर बसवून घ्यावी. क्लचवर यंत्र एकदम सुसाट सुटते, सर्वोवर एकेक टाका हळू घालता येतो.

चांभारांकडे असते ते, ज्याचा पाय चहूबाजूंनी फिरतो ते यंत्रही पुष्कळ जण सुचवतात. बुटाच्या आत शिरून दुरुस्ती करण्यासाठी ते अप्रतिम आहे. लांब आणि एकसारखी शोभेची शिवण मात्र त्यावर नव्या माणसाला सहजी साधत नाही.

एका पिशवीसाठी यापैकी काहीच घेऊ नये. तुकडे कापून, कडा तासून आणि कॉन्टॅक्ट डिंकाने चिकटवून तयार ठेवावेत आणि बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून लांब शिवणी घालून घ्याव्यात. फेविकॉलचा एसआर ९९८ यासाठी चालतो. दोन्ही बाजूंना पातळ लावून, हाताला ओला लागेनासा झाला की जोडून दाबायचा आणि काम खिडकी उघडी ठेवूनच करायचे.

प्रतिसाद: सातासमुद्रापार

मी टेक्सासमध्ये राहतो; इथल्या फोर्ट वर्थ शहरात १९१९ साली सुरू झालेल्या टँडी या चामडेकामाचे सामान विकणाऱ्या कंपनीच्या दुकानांमुळे सामान मिळवणे आम्हाला सोपे जाते. इथे जाडी औंसांत सांगतात, आणि एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे ०.४ मिमी. अमेरिकी व्हिडिओत ८ ते ९ औंसांचा पट्टा म्हटले की ३.२ ते ३.६ मिमी समजावे.

आपल्याकडे येणाऱ्या नातेवाइकांकडून काही मागवायचे असेल तर सुया, चांगला दोरा आणि छिन्नी मागवावी, कारण त्या लहान आणि हलक्या असतात. चामडे मागवू नये, वजन फार होते आणि भारतात त्याची उणीव नाही. पाते असलेली किंवा टोकदार कोणतीही वस्तू त्यांनी चेक-इन सामानातच ठेवावी, हे आधी बजावून सांगावे.

प्रतिसाद: कोरी_पाटी

सर्वांचे मनापासून आभार. पायताण यांचे म्हणणे पटले. आधी पट्टा करतो. छिन्नी ४ मिमीची, सहा आणि दोन दातांची, चांगल्यापैकी घेईन आणि फुलस्केप म्हणतात ती किरकोळ अवजारे सुटी, स्वस्तातली घेईन. पिशवीच्या शिवणीबाबत उसवणताईंचा मार्ग धरेन.

दोन शंका आहेत. पट्ट्याची कड घोटण्यासाठी व्हिडिओंत जपानी टोकोनोल लावतात. त्याला देशी पर्याय आहे का? आणि पावसाळ्यात उरलेले चामडे कसे ठेवावे?

प्रतिसाद: दोन_सुया

काष्ठौषधीच्या दुकानातला कतिरा डिंक रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, पातळसर लापशी झाली की वापरावा. कड घोटण्यासाठी डिंक वापरण्याची रीत जुनीच आहे. मात्र तो थोडाच भिजवावा, कारण उरलेला लवकर नासतो. आधी कड ४०० आणि मग ८०० नंबरच्या सँडपेपरने घासून घ्यावी, नाहीतर डिंक केवळ खडबडीतपणावर चमक आणतो.

पावसाळ्यात सालीच्या चामड्यावर बुरशी लवकर येते. ते प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये. सुती कापडात सैल गुंडाळून, भिंतीला न टेकवता, वारा लागेल अशा जागी ठेवावे. तेलही बेताने लावावे. तेलाने चिंब झालेला पट्टा पावसाळ्यात हमखास पांढरा पडतो आणि मऊ होऊन ताणला जातो.

प्रतिसाद: पायताण

पट्ट्यासाठी पट्टी कापून घेताना पाठीचा भाग मागावा. पोटाकडचा भाग सैल विणीचा असतो आणि काही महिन्यांत लांबतो. दुकानदाराकडे पट्टी कापण्याचे गेज असेल तर ३८ मिमी रुंदीची, एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत सारख्याच जाडीची पट्टी कापून घ्यावी आणि ती घेण्याआधी पूर्ण लांबीवर बोटे फिरवून पाहावीत.

माप पँटच्या लेबलवरून धरू नये, ते खऱ्या कंबरेशी क्वचितच जुळते. सध्या वापरता त्या पट्ट्याची बक्कल जिथे दुमडली आहे तिथपासून रोजच्या भोकापर्यंतचे अंतर मोजावे; नव्या पट्ट्यात मधले भोक तिथे येईल, दोन्हीकडे इंच-इंचावर आणखी दोन-दोन भोके पडतील, आणि बक्कलेच्या दुमडीला व पुढच्या टोकाला मिळून फूटभर चामडे जास्तीचे लागेल.